पॅराफिन ब्लॉकमधून बायोमार्कर शोधताना

पॅथॉलॉजी विभागाच्या कपाटांत वर्षानुवर्षं साठलेले पॅराफिन ब्लॉक, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे, संशोधनासाठी फार मोलाचे असतात, कारण त्या ऊतकाच्या मालकाचं पुढे काय झालं हे आज माहीत असतं. कुणाचा कर्करोग उलटला, कुणाला औषध लागू पडलं, कोण दहा वर्षं ठणठणीत राहिलं, सगळं नोंदवलेलं आहे. गोठवलेल्या ताज्या नमुन्यांबाबत हीच माहिती हवी असेल तर तेवढी वर्षं थांबावं लागतं. म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून, रोगाशी निगडित प्रथिनं (बायोमार्कर) शोधणारी आमच्यासारखी मंडळी शेवटी या ब्लॉककडे वळतात. अडचण अशी की ब्लॉक बनवला जातो सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. त्यात रोगाच्या खुणा असतात, आणि शरीराबाहेर आल्यापासून त्या तुकड्यावर काय काय गुदरलं त्याच्याही खुणा असतात. यंत्र दोन्ही सारख्याच इमानाने मोजतं. त्यामुळे या कामातला बराचसा वेळ दुसऱ्या प्रकारच्या खुणा ओळखून बाजूला काढण्यात जातो.

त्यासाठी आधी फॉर्मॅलिन काय करतं ते समजून घ्यायला हवं. नेहमीचं १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्क्यांच्या आसपास फॉर्माल्डिहाइड. ते प्रथिनांतल्या मोकळ्या अमाइन गटांना, मुख्यतः लायसिनला, जाऊन चिकटतं. सुरुवातीला मिथिलॉल बनतं आणि वस्तुमानात ३०.०१ डाल्टनची (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) भर पडते. त्यातून पाण्याचा रेणू निघून गेला की शिफ बेस उरतो, म्हणजे भर १२.०० डाल्टनची. हा शिफ बेस जवळच्या टायरोसिन, आर्जिनिन, अस्पॅराजिन, ग्लुटामिन, हिस्टिडिन किंवा ट्रिप्टोफॅनशी जोडला गेला की दोन साखळ्यांमध्ये मिथिलीनचा पूल तयार होतो. याशिवाय लायसिनवर १४.०१६ डाल्टनची मिथाइलची भर अशा ऊतकांत हमखास सापडते. आता गंमत अशी की आपण प्रथिनं कापायला वापरतो ते ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन यांच्यानंतरच कापतं. लायसिन झाकलं गेलं की तिथला काप चुकतो. म्हणजे फॉर्मॅलिनचा फटका थेट आपल्या मोजमापाच्या एककावर, पेप्टाइडवर (कापलेल्या प्रथिनाच्या तुकड्यावर), बसतो.

हे पूल उष्णतेने बऱ्याच अंशी सुटतात. १९९१ साली अँटिजेन रिट्रीव्हलची, म्हणजे अँटिबॉडीने रंगवण्याआधी ऊतक तापवण्याची, पद्धत आली ती याच तत्त्वावर, आणि पुढे प्रथिनं काढणाऱ्यांनीही तीच उचलली. सगळे पूल मात्र सुटत नाहीत. किती सुटले ते ऊतक फॉर्मॅलिनमध्ये किती काळ होतं, तुकडा किती जाड होता आणि आपण किती तापवलं यावर ठरतं.

ब्लॉक निवडताना सगळ्यात जास्त चिकाटी लागते. शस्त्रक्रियेत ऊतक शरीराबाहेर काढल्यापासून ते फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंतचा वेळ, म्हणजे कोल्ड इस्केमिया, तासाच्या आत असावा. फॉर्मॅलिनमधला काळ ६ ते ७२ तासांच्या मर्यादेत असावा. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासण्यांसाठी हीच मर्यादा पाळली जाते आणि आमच्याही कामाला ती चालते. दोन्ही वेळा नोंदलेल्या असतील तर त्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायच्या, पुढे विश्लेषणात लागतात. नोंद नसेल तर निदान शनिवारी-रविवारी फॉर्मॅलिनमध्येच राहिलेले नमुने कोणते, हे शस्त्रक्रियेच्या वारावरून कळतं. मोठ्या अवयवाच्या गाभ्यापर्यंत फॉर्मॅलिन उशिरा पोचतं, तेव्हा शक्यतो छोट्या बायॉप्सीची तुलना मोठ्या छेदलेल्या अवयवाशी करू नये. हाडाचे, आम्ल लावून चुना काढलेले ब्लॉक सरळ बाजूला ठेवतो, कारण तीव्र आम्लात प्रथिनांची साखळीच तुटते. बुआं द्रावणात किंवा पाऱ्याच्या क्षारांत बुडवलेले जुने नमुनेही घेत नाही. ब्लॉकचं वय ऐकून लोक बिचकतात, पण नीट बुडवलेल्या, नीट साठवलेल्या ब्लॉकमधली प्रथिनं दहा-पंधरा वर्षांनीही चांगली निघतात. त्याच ब्लॉकमधल्या आरएनएची मात्र तोवर पार दैना झालेली असते.

वयाने बिघडतं ते वेगळ्या वाटेने. रोग्यांचे ब्लॉक सगळे जुने आणि निरोगी गटाचे सगळे नवे असले, किंवा एक गट एका रुग्णालयातला आणि दुसरा दुसऱ्या, की खेळ तिथेच संपतो. नंतर कितीही हुशार गणित केलं तरी रुग्णालयाचा फरक आणि रोगाचा फरक सुटा करता येत नाही. दोन्ही गटांत वय, लिंग, रुग्णालय, ब्लॉकचं वर्ष यांची जुळणी होत नसेल तर अभ्यास पुढे ढकलावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नैतिक समितीची परवानगी आणि निदानासाठी ब्लॉकमध्ये पुरेसं ऊतक शिल्लक राहील याची पॅथॉलॉजिस्टकडून खात्री, या दोन गोष्टी अर्थातच याच्याही आधी.

कापताना वरचे दोन-तीन सेक्शन (पातळ चकत्या) टाकून द्यायचे, कारण ब्लॉकचा तोंडाचा भाग हवेला उघडा असतो आणि तिथलं ऊतक ऑक्सिडीकृत झालेलं असतं. मग ४ मायक्रोमीटरचा एक सेक्शन हिमॅटॉक्सिलिन-इओसिनसाठी, त्याच्या मागोमाग १० मायक्रोमीटरचे हवे तेवढे, आणि शेवटी पुन्हा ४ मायक्रोमीटरचा एक. दोन्ही टोकांचे रंगवलेले सेक्शन बघितल्याशिवाय मधल्या सेक्शनांत गाठ खरंच होती की संपली होती हे सांगता येत नाही. दर ब्लॉकला मायक्रोटोमची नवी पाती किंवा पातीचा नवा भाग वापरायचा. सेक्शन तरंगवण्याच्या पाण्यात जिलेटिन किंवा चिकटवण्यासाठीचं दुसरं काही घातलेलं नको, आणि स्लाइडला अल्ब्युमिनचा लेपही नको. तंत्रज्ञ सवयीने हे घालतात, कारण सूक्ष्मदर्शकाला त्याने काही होत नाही. आमच्या यंत्राला मात्र ते चक्क प्रथिन म्हणून दिसतं, आणि जिलेटिन म्हणजे तर कोलॅजेनच, जे आपण ऊतकातही मोजणार असतो.

पॅथॉलॉजिस्टने रंगवलेल्या स्लाइडवर पेनाने गाठीची सीमा आखून द्यायची, ती स्लाइड बिनरंगी सेक्शनच्या खाली धरायची आणि सीमेच्या आतला भाग स्काल्पेलने खरवडून घ्यायचा. दिसायला अगदी साधी ही पायरी, पण पुढचे निम्मे खोटे बायोमार्कर इथे जन्माला येतात. समजा गाठीच्या तुकड्यात ७० टक्के एपिथेलियम (अवयवाच्या अस्तराच्या पेशी) आहे आणि शेजारच्या निरोगी तुकड्यात १० टक्के, बाकी तंतुमय ऊतक आणि चरबी. अशा वेळी एपिथेलियममधलं कुठलंही प्रथिन, रोगाशी त्याचा काडीचा संबंध नसला तरी, गाठीत सात पट दिसेल. लॉग-दोनच्या मापात जवळपास २.८. एवढा मोठा फरक पाहून माणूस हरखून जातो. म्हणून दोन्ही गटांत पेशींचं प्रमाण पॅथॉलॉजिस्टकडून आकड्यात लिहून घ्यायचं आणि जुळत नसेल तर लेझरने पेशी वेचून घ्यायच्या. त्यासाठी पीईएन पटलाच्या स्लाइड लागतात आणि रंग फक्त हिमॅटॉक्सिलिनचा, तोही फिका. काम संथ आहे, पण १ चौरस मिलिमीटर भागात काही हजार पेशी मिळतात आणि हल्लीच्या यंत्रांना तेवढं पुरतं.

किती ऊतक लागेल याचा हिशोब सोपा आहे. १ चौरस सेंटिमीटर, १० मायक्रोमीटर जाडी, म्हणजे १ घन मिलिमीटर, म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम. त्यात कागदावर शंभर-दीडशे मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. हातात येतं त्याहून कमी. आम्ही पचनासाठी २० मायक्रोग्रॅम घेतो, तेव्हा एक बरा सेक्शन पुरतो, पण दोन ठेवतो.

पॅराफिन काढायला झायलीन, ५ मिनिटांच्या दोन बुडव्या, मग १०० टक्के इथेनॉल दोनदा, ९५, ७०, आणि शेवटी पाणी. सगळं फ्यूम हुडखाली आणि काचेच्या बरणीत. पॉलिस्टायरिनची भांडी झायलीनमध्ये विरघळतात आणि ते विरघळलेलं प्लास्टिक नमुन्यात येतं. झायलीन नको असेल तर हेप्टेन चालतं. पहिल्या इथेनॉलमध्ये स्लाइड घातल्यावर पांढरा धुरकट ढग उठला तर पॅराफिन अजून शिल्लक आहे, परत झायलीनमध्ये जायचं. ही खूण बघितली नाही तर पुढे ट्यूबच्या कडेला मेणाचं पांढरं कडं दिसतं, आणि तेही चुकलं तर कॉलमचा दाब चढत जातो. पाण्यातून काढलेलं ऊतक ट्यूबमध्ये घेऊन लगेच पुढची पायरी करावी. कोरडं पडलेलं ऊतक बफर नीट शोषत नाही.

आता प्रथिनं काढायची. आमचा बफर ४ टक्के एसडीएस (प्रथिनं विरघळवणारं डिटर्जंट) आणि १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५. ट्रिस मुद्दाम, कारण त्यात प्राथमिक अमाइन असतं. पूल सुटून मोकळं झालेलं फॉर्माल्डिहाइड ते पकडून ठेवतं आणि ते परत प्रथिनाला चिकटत नाही. खरवडलेल्या ऊतकावर ५० ते १०० मायक्रोलिटर बफर, ९५ अंश सेल्सिअसला ६० ते ९० मिनिटं. एवढा वेळ उघड्या हीट ब्लॉकवर ठेवलं तर पाणी वाफ होऊन झाकणाच्या आतल्या बाजूला जमतं, खालचा बफर दाट होतो, आणि शेजारशेजारच्या ट्यूबांतही परिणाम वेगळा येतो. पीसीआरच्या यंत्रात, झाकण १०५ अंशांवर ठेवून तापवलं की हा त्रास मिटतो. मग ध्वनिलहरींनी डीएनए तोडायचा. द्रावण पिपेटमधून तार धरत असेल तर डीएनए तुटलेला नाही, आणि पुढे वापरायचे चुंबकीय मणी एकमेकांना चिकटून गोळा होणार हे नक्की.

यात युरिया वापरायचा मोह टाळावा. तापवलेल्या युरियातून सायनेट तयार होतं आणि लायसिनवर व साखळीच्या टोकावर ४३.००६ डाल्टनची भर टाकतं. आधीच जखमी लायसिनवर आणखी एक घाव कशाला? एसडीएसलाही दोन पथ्यं आहेत. थंडीत त्याचे स्फटिक पडतात, तेव्हा ट्यूब बर्फात ठेवायची नाही आणि सेंट्रिफ्यूजही खोलीच्या तापमानालाच फिरवायचा, १६,००० जी, १० मिनिटं. आणि पोटॅशियमचा क्षार असलेला कुठलाही बफर त्यात मिसळायचा नाही, लगेच पांढरा साका बसतो. तंतुमय ऊतकात तळाशी थोडा कोलॅजेनचा गाळ राहतोच; तो सगळ्या नमुन्यांत सारखा राहतो ना, एवढं बघायचं.

प्रथिन मोजायला बीसीए, ही तांब्यावर आधारलेली रंगाची चाचणी. एसडीएस त्याला चालतं, पण डायथायोथ्रायटॉल किंवा टीसीईपी चालत नाही. ते तांब्याला थेट क्षपित करतात आणि आकडा फुगतो. म्हणून हे क्षपणकारक आम्ही काढण्याच्या बफरमध्ये घालतच नाही. मोजून झालं की १० मिलिमोलर टीसीईपी, आणि त्यानंतर ४० मिलिमोलर क्लोरोअॅसिटामाइड, अंधारात ३० मिनिटं. बीसीएची प्रमाण द्रावणंही त्याच बफरमध्ये बनवायची. प्रथिन मोजण्याची दुसरी चाचणी, ब्रॅडफोर्ड, इथे कामाची नाही, एसडीएसने त्याचा रंगच बिघडतो.

एसडीएस पुढे यंत्रात गेलं तर सगळं मुसळ केरात, कारण ते पेप्टाइडांचा सिग्नल दाबून टाकतं. ते काढायला चुंबकीय मण्यांची एसपी३ पद्धत आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. २० मायक्रोग्रॅम प्रथिनाला २०० मायक्रोग्रॅम मणी, म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या मिश्रणातले ४ मायक्रोलिटर. नमुन्याच्या आकारमानाएवढं इथेनॉल घालायचं म्हणजे शेवटी ते ५० टक्के होतं, आणि १० मिनिटं १,००० फेऱ्यांवर हलवायचं. प्रथिनं मण्यांवर उतरतात. मग चुंबकावर धरून ८० टक्के इथेनॉलने तीनदा धुवायचं. शेवटच्या धुण्यानंतर मणी कोरडे होऊ द्यायचे नाहीत. कोरडे झालेले मणी पुन्हा सुटे होत नाहीत आणि ट्रिप्सिन आतपर्यंत पोचत नाही. १०० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटच्या ५० मायक्रोलिटरमध्ये ते हलवून मोकळे करायचे, ०.४ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन आणि ०.२ मायक्रोग्रॅम लिस-सी (लायसिननंतर कापणारं दुसरं विकर) घालायचं, ३७ अंशांना रात्रभर हलत ठेवायचं. सकाळी मणी चुंबकावर धरून वरचं द्रावण घ्यायचं, ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्लाने पीएच ३ च्या खाली आणायचं आणि सी-१८ च्या टिपेतून क्षार काढायचे.

इथे एक तपासणी फार उपयोगी आहे. प्रत्येक तुकडीतले दोन-तीन नमुने आधी यंत्रावर थोड्या वेळाच्या रनवर (एका फेरीवर) घालून चुकलेल्या कापांचं प्रमाण आणि लायसिनने संपणाऱ्या व आर्जिनिनने संपणाऱ्या पेप्टाइडांचं गुणोत्तर बघायचं. गोठवलेल्या ऊतकाच्या मानाने लायसिनवाली थोडी कमी असणारच, ते फॉर्मॅलिनमुळे. पण एखाद्याच नमुन्यात ती एकदम घसरलेली दिसली, आणि सोबत १४.०१६ व १२.०० च्या भराही वाढलेल्या असल्या, तर तो ब्लॉक फॉर्मॅलिनमध्ये जास्त राहिलाय किंवा पुरेसा तापलेला नाही. उरलेल्या सेक्शनवर जास्त वेळ तापवून बघितलं की यातलं कोणतं ते कळतं. दोन्ही प्रकारचे काप सारखेच चुकत असतील तर दोष ट्रिप्सिनचा किंवा पीएचचा.

क्रोमॅटोग्राफीबद्दल थोडक्यात. ७५ मायक्रोमीटर आतला व्यास आणि २५ सेंटिमीटर लांबी असलेला सी-१८ कॉलम, ५० अंशांवर, मिनिटाला ३०० नॅनोलिटर प्रवाह. ०.१ टक्का फॉर्मिक आम्लात अॅसिटोनायट्राइल हळूहळू चढवत ६० ते ९० मिनिटं. प्रत्येक नमुन्यातून सारखंच पेप्टाइड, ५०० नॅनोग्रॅम, आणि हा आकडा पचनानंतर पेप्टाइड मोजून ठरवायचा. पचनाआधीच्या बीसीएवर विसंबून चालत नाही. मोजणी डीआयए पद्धतीने करतो, म्हणजे यंत्र ४०० ते १,००० एम/झेडचा (वस्तुमान भागिले विद्युतभार) पट्टा छोट्या खिडक्यांत विभागून प्रत्येक खिडकीतलं सगळं तोडून बघतं. जुनी डीडीए पद्धत फक्त ठळक आयन निवडते, त्यामुळे एका नमुन्यात सापडलेलं प्रथिन दुसऱ्यात सापडेलच असं नसतं, आणि ऐंशी नमुन्यांच्या तक्त्याची चाळण होते. खिडक्या ठरवताना कॉलमवरून उतरणाऱ्या एका पीकवर किमान सात-आठ बिंदू पडतील एवढी फेरी वेगवान ठेवायची.

नमुन्यांचा क्रम सोडत काढून ठरवायचा. आधी सगळे रोगी, मग सगळे निरोगी, असं कधीही लावू नये, कारण कॉलम जुना होत जातो, यंत्राचा आयन-स्रोत मळत जातो आणि हा उतार थेट गटांच्या फरकात मिसळतो. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या आकृतीवरून अंडाशयाचा कर्करोग ओळखल्याचा निबंध आला होता. त्याने फार मोठी आशा निर्माण केली, पण पुढे इतर सांख्यिकीतज्ज्ञांनी त्या गटाने खुली केलेली माहिती पुन्हा तपासली तेव्हा प्रयोगाची मांडणी आणि प्रक्रिया यांतलेच फरक त्यात उतरलेले दिसले. नमुने रक्ताचे होते तरी धडा आपल्याला जसाच्या तसा लागू आहे.

दोन प्रकारचे नियंत्रण नमुने ठेवतो. एक म्हणजे सगळ्यांची थोडी थोडी पेप्टाइडं एकत्र करून केलेलं मिश्रण, दर दहा रननंतर एकदा. दुसरा म्हणजे एका मोठ्या ब्लॉकचे सेक्शन, दर तुकडीत अगदी खरवडण्यापासून सगळ्या पायऱ्यांतून नेलेले. मिश्रणातला चढउतार १० टक्के आणि सेक्शनमधला ३५ टक्के असेल तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, गडबड टेबलावर आहे. दोन्ही एकदम वाढले तर यंत्र थांबवून साफ करायचं. ४४.०२६ डाल्टनच्या अंतराने चढत जाणारी शिडी दिसली की ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डिटर्जंट, पुसायचे कागद किंवा हलक्या प्रतीच्या ट्यूब तपासायला घ्यायच्या.

शोध घेताना मानवी प्रथिनांचा यूनिप्रॉटमधला तपासलेला संच, २०,००० हून थोड्या जास्त नोंदींचा, आणि चुकीच्या ओळखीचं प्रमाण पेप्टाइड व प्रथिन दोन्ही पातळ्यांवर १ टक्का. फॉर्मॅलिनच्या सगळ्या भरा बदल म्हणून एकदम शोधायला लावू नयेत. शक्यतांची संख्या अफाट वाढते आणि त्याच १ टक्क्यात खऱ्या ओळखी गळतात. मिथिओनिनचं ऑक्सिडीकरण आणि साखळीच्या टोकाचं अॅसिटिलीकरण पुरे. लायसिनवरच्या भरा फक्त दर्जा तपासायच्या वेगळ्या शोधात.

केराटिनबद्दल इथेच सांगायला हवं. प्रोटिओमिक्समध्ये केराटिन म्हणजे बोटांची आणि हवेतली घाण, असा सर्वसाधारण नियम आहे आणि बहुतेक प्रदूषक-याद्या सगळी केराटिनं एका फटक्यात काढून टाकतात. ऊतकाच्या कामात हे घातक आहे. केराटिन १, २, ९ आणि १० ही बहुतांशी त्वचेच्या धुळीची. पण ७, १९, २० ही एपिथेलियमची स्वतःची आहेत, आणि केराटिन ७ व २० वरून तर पॅथॉलॉजिस्ट गाठीचं मूळ शोधतात. ती यादीतून वाचवायची. ५ आणि १४ त्वचेतही असतात आणि स्क्वेमस कर्करोगातही, तेव्हा त्यांचा निवाडा सोबतची १ आणि १० वाढली आहेत का ते बघूनच करायचा. नमुनाच त्वचेचा असेल तर मात्र हा आधारही उरत नाही, आणि तिथे रिकाम्या स्लाइडवर सगळी प्रक्रिया करून पार्श्वभूमी मोजण्यावाचून इलाज नाही.

आकडेमोडीत लॉग घेणं, मध्यकाने समतल करणं, मग मॉडेलमध्ये रोगासोबत तुकडी, ब्लॉकचं वर्ष आणि पेशींचं प्रमाण घालणं, आणि अनेक चाचण्यांसाठी बेंजामिनी-हॉखबर्ग दुरुस्ती. गाळलेल्या जागा सरसकट छोट्या आकड्याने भरू नयेत. एखादं प्रथिन एका गटात खरोखर कमी म्हणून दिसत नसतं, आणि दुसरं त्या तुकडीत पचन बिघडलं म्हणून. पहिल्या प्रकाराला भरणं ठीक, दुसऱ्याला भरलं तर नसलेला फरक तयार होतो. निदानाचं मॉडेल बांधत असाल तर प्रथिनांची निवडही क्रॉस-व्हॅलिडेशनच्या आतच झाली पाहिजे. आधी सगळ्या नमुन्यांवर निवड करून मग अचूकता मोजली तर ती हमखास भरमसाट येते.

यादी हातात आली की आम्ही ती वरून खाली वाचतो आणि प्रत्येक नावाला विचारतो, तू ऊतकात कशामुळे आलास? हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन वर असतील तर एका गटात रक्त जास्त होतं. डेस्मिन आणि गुळगुळीत स्नायूचं अॅक्टिन एकत्र वर आले तर स्नायूचा थर खरवडला गेलाय. इम्युनोग्लोब्युलिनं म्हणजे प्लाझ्मा पेशी, आणि त्या कधी खरोखर रोगाचा भाग असतात, कधी शेजारच्या जखमेचा. या चाळणीतून उरतात ती नावं बहुधा थोडी असतात, आणि त्यांचे फरक दीड-दोन पटींचे असतात. त्यांच्यावर काम करायला खरा उत्साह वाटतो.

निवडक प्रथिनं मग पीआरएमने (आधी ठरवलेली पेप्टाइडंच मोजणाऱ्या पद्धतीने), जड समस्थानिकांच्या पेप्टाइडसोबत, नेमकी मोजायची. पेप्टाइड निवडताना मिथिओनिन आणि सिस्टीन टाळायचं हे नेहमीचंच. फॉर्मॅलिनच्या ऊतकासाठी आणखी एक अट, शेवटी आर्जिनिन हवं आणि मध्ये लायसिन नको. स्तनाच्या कर्करोगात तपासल्या जाणाऱ्या एचईआर२ या प्रथिनाचं ई-एल-व्ही-एस-ई-एफ-एस-आर हे पेप्टाइड याचा चांगला नमुना आहे. आठ अमिनो आम्लं, शेवट आर्जिनिनवर, लायसिन कुठेच नाही. दोन धनभारांवर त्याचं एम/झेड ४८३.७५ येतं. जड आर्जिनिन घातलं की वस्तुमान १०.००८ डाल्टनने वाढतं, भार दोन असल्यामुळे एम/झेड ५.००४ ने सरकतं, म्हणजे ४८८.७५. दोन्ही पेप्टाइडं कॉलमवरून एकाच क्षणी उतरली पाहिजेत आणि यंत्रात ती फुटून होणाऱ्या तुकड्यांच्या तीव्रतेचा क्रम दोघांत सारखा हवा. हलक्या पेप्टाइडचा एखादाच तुकडा जास्त उंच दिसत असेल तर त्या जागी दुसरंच काही मिसळलंय, तो तुकडा मोजणीतून वगळायचा. उत्तर प्रथिनाच्या दर मायक्रोग्रॅममागे किती फेम्टोमोल, असं लिहायचं. मात्र जड पेप्टाइड पचनानंतर घातलेलं असतं, त्यामुळे पूल न सुटल्याने जे प्रथिन बाहेर आलंच नाही त्याची भरपाई ते करत नाही. त्यासाठी एकाच प्रथिनाची निदान दोन पेप्टाइडं मोजतो. ब्लॉकागणिक त्या दोघांचं गुणोत्तर हलत असेल तर ती जोडी बाद.

या सगळ्या त्रासानंतरही पद्धत रुग्णापर्यंत पोचते का? अमायलॉइडच्या, म्हणजे ऊतकात साचणाऱ्या प्रथिनाच्या साक्याच्या, बाबतीत पोचली आहे. काँगो रेडने रंगलेला साका लेझरने वेचून, ट्रिप्सिनने कापून, त्यात मुख्य प्रथिन कोणतं ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखायचं, ही मेयो क्लिनिकमधली पद्धत २००९ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात आली आणि आज प्रकार ठरवण्यासाठी नेहमीच्या वापरात आहे. साका इम्युनोग्लोब्युलिनच्या हलक्या साखळीचा की ट्रान्सथायरेटिनचा, यावर उपचार पूर्ण बदलतात. तिथे गोष्टी अनुकूल आहेत. प्रथिन त्या जागी भरपूर असतं, आणि अपोलिपोप्रोटीन ई व सीरम अमायलॉइड पी ही सोबतची प्रथिनं दिसली की वेचलेला भाग खरोखर अमायलॉइड होता हे त्याच रनमध्ये कळतं. आपल्या बायोमार्करलाही असा अंगचा साक्षीदार सापडला तर शोधावा. तो एकूण प्रथिनाच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

शेवटची तपासणी दुसऱ्या रुग्णालयाच्या, दुसऱ्या हातांनी बुडवलेल्या ब्लॉकवर करायची, आणि त्याच्या जोडीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. दोन्हींचं उत्तर जुळलं नाही की लोक आधी अँटिबॉडीवर संशय घेतात, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण रंग चढलाय कुठे ते आधी बघावं. आपण ज्याला गाठीचं प्रथिन म्हणत होतो ते गाठीभोवतीच्या तंतुमय भागात रंगलेलं दिसलं, तर त्याच ब्लॉकच्या राखून ठेवलेल्या सेक्शनमधून एपिथेलियम आणि भोवतालचा भाग लेझरने वेगवेगळा वेचायचा, आणि तेच पीआरएम दोन्हींवर स्वतंत्र लावायचं.